शेतकऱ्याच्या घरी मुलगी द्यावयाची की नाही?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला सत्रात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस या सत्रासाठी जो विषय कळविला, तो 'शेती आणि संसार : स्त्रीची दुहेरी जबाबदारी' असा आहे. विषय योग्यच आहे. परंतु या विषयावर आजवर जी भाषणे आम्ही ऐकली, ती बहुधा एकाच वळणाने गेलेली आहेत. प्रारंभी शेतकरी स्त्रीची थोरवी गावयाची, तिला अन्नपूर्णा म्हणावयाचे, घरची लक्ष्मी म्हणावयाचे आणि अखेरीस टाळ्यांच्या गजरात तिची पुन्हा चुलीकडे आणि वावराकडे पाठवणी करावयाची. आज आम्ही तसे भाषण करणार नाही. या मंडपाला लागूनच जे दालन आहे, तेथे सकाळपासून वधू-वर सूचीची नोंदणी चालू आहे. आमच्या विषयाची खरी सुरुवात त्या दालनातून होते.

गेली काही वर्षे तेथे जे चालले आहे, ते आपण सर्वजण जाणता. मुलगा निर्व्यसनी, घरची बागायत, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर, घर सिमेंटचे. तरी स्थळ शेतकऱ्याचे आहे एवढे कळताच मुलीकडची मंडळी कागद मिटून ठेवतात. पुण्यात किंवा नाशकात एखाद्या कारखान्यात बेताच्या पगारावर असलेला मुलगा त्यांना चालतो, पण दहा एकरांचा धनी चालत नाही. हे दुःख आपल्याच ज्ञातीचे आहे असे नव्हे. २०२२ च्या अखेरीस सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीने छापली. ज्या घरांत तिशी उलटलेले दोन-दोन मुलगे बसून आहेत, त्या घरांत मात्र कोणी हसले नसावे.

यावर आमची वडीलधारी मंडळी एक निदान करतात. मुली शिकल्या, त्यांना कष्ट नकोत, शहराची चटक लागली, असे ते म्हणतात. या निदानाशी आम्ही सहमत नाही. ही मुलगी परदेशातून आलेली नाही. ती आपल्याच मळ्यात वाढलेली आहे. तिने शेती पुस्तकात पाहिली नाही, आपल्या आईच्या हातांत पाहिली आहे. अठरा-वीस वर्षे आईच्या बाजूला बसून जे पाहिले, त्यावर तिने आपला निकाल दिला आहे. तेव्हा मुलींना बोल लावण्यापूर्वी तिच्या आईचे वर्ष कसे जाते, हे एकदा नीट पाहावयास हवे.

आमचा मुलूख कांद्याचा. निफाड, चांदवड, येवला, सिन्नर या बाजूच्या भगिनी येथे मोठ्या संख्येने बसलेल्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको. परंतु पुरुषांनीही ते एकवार ऐकावे. उन्हाळ कांद्याचे उळे दिवाळीच्या सुमारास टाकतात. दीड-दोन महिन्यांनी, थंडी कडाक्याची असताना, लागवड सुरू होते. वाफ्यात पाणी सोडून, चिखलात बसून, एकेक रोप अंगठ्याने रोवावयाचे. दोन ओळींत वीतभराहून कमी आणि दोन रोपांत चार बोटे अंतर ठेवले, तर एका एकरात दोन-अडीच लाख रोपे बसतात. ही रोपे यंत्राने लागत नाहीत. ती बायकांच्या बोटांनी लागतात. मग निंदणी, खत टाकणे, मार्च-एप्रिलात काढणी. उपटलेला कांदा दोन-तीन दिवस वाफ्यातच पातीखाली सुकवावयाचा, नंतर विळ्याने पात कापावयाची. मान फार आखूड कापली तर कांदा चाळीत सडतो, लांब ठेवली तर व्यापारी भाव पाडतो. ही अक्कल कोणत्या विद्यालयात शिकवीत नाहीत. पुढे चाळ भरणे, आणि पावसाळाभर चाळीतला सडका कांदा निवडून काढणे. त्याचा वास अंगाला इतका बसतो की सणाचे लुगडे नेसले तरी जात नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गेल्या पन्नास-साठ वर्षांत शेतीत यंत्रे आली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती कोणत्या कामांत आली? नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, मोट गेली आणि विजेचा पंप आला, औषध फवारावयास यंत्र आले, गाडी-बैलाऐवजी पिकअप आली. ही सगळी बहुतांशी पुरुषांची कामे होती. लागवड, निंदणी, पात कापणे, निवडणे, द्राक्षबागेतील मण्यांची विरळणी ही कामे बायकांची, आणि ती आजही बहुतेक हातानेच होतात. तणनाशकाने निंदणी काहीशी कमी केली, एवढाच काय तो दिलासा. पुरुषांचे कष्ट यंत्राने उचलले आणि बागायत वाढल्यामुळे बायकांचे कष्ट मात्र वाढले, असा हा जमाखर्च आहे.

आता याला संसार जोडा. वावरात आठ वाजता हजर व्हावयाचे, म्हणजे त्यापूर्वी शेण-गोठा, धारा, पाणी, सर्वांची न्याहारी, मुलांचे डबे आणि दुपारच्या भाकरी एवढे सर्व उरकलेले असावे लागते. बाहेरचे मजूर लावले असतील तर त्यांच्या चहाची व्यवस्था वेगळी. संध्याकाळी वावरातून परतल्यावर पुरुष ओट्यावर बसतो आणि स्त्री चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभी राहते. दिवसभर दोघे सारखेच राबलेले असतात. एवढेच की घरी आल्यावर एकाचे काम संपते. ज्या ठिकाणी पंपाची वीज आळीपाळीने रात्री येते, तेथे गडी पाणी भरावयास जातो, हे खरे कष्ट आहेत आणि आम्ही ते नाकारत नाही. साप-विंचवाची भीती त्याच्या वाट्याला येते. पण त्या रात्री घरात कोण जागे असते, हेही विचारावे.

केंद्र शासनाच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि पुरुषांपैकी जे असे काम करतात त्यांचा ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पाच तासांस थोडा कमी, दुसरीकडे दीड तास. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांची सेवा यात धरलेली नाही, ती निराळी मोजली आहे. वावरातले आठ-नऊ तास या पाच तासांवर चढवा, आणि मग झोपेला किती उरतात ते आपणच मोजा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जी सर्वांना वाढून शेवटी जेवते आणि सर्वांच्या आधी उठते, तिच्या अंगात रक्त कोठून असणार?

पूर्वीही हेच होते, मग तेव्हा कोणी तक्रार केली नाही, असे काही जण म्हणतील. पूर्वी एकत्र कुटुंबात दोन सुना वावरात गेल्या तर तिसरी घरी असे. सासू ओसरीवर बसून नातवंडांना सांभाळी. सासुरवास होता, त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु कामाची वाटणी काही प्रमाणात होई. आता घरे विभक्त झाली, जमिनीचे तुकडे झाले, आणि काम मात्र अविभक्त राहून एकाच बाईच्या डोक्यावर आले. त्यात मुलांचे शिक्षण. कांदा काढणीचा हंगाम आणि दहावीची परीक्षा ही दोन्ही फेब्रुवारी-मार्चात समोरासमोर येतात. मजूर मिळत नाहीत, ढग आलेले असतात, आणि परीक्षेला बसलेली मुलगी घरात असते. अशा वेळी मुलगा अभ्यास करतो आणि मुलगी 'दोनच तास' म्हणून पात कापावयास जाते, हे दृश्य आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल! त्या मुलीनेच पुढे चार वर्षांनी शेतकरी नवरा नको म्हटले, तर तिला माजलेली म्हणावयाचे काय?

जाता जाता एक गोष्ट बोलून ठेवतो. आपल्या मळ्यात पेठ-सुरगाण्याकडून ज्या आदिवासी भगिनी मजुरीला येतात, त्यांची कहाणी आमच्या कहाणीपेक्षाही अवघड आहे. त्यांचे तान्हे मूल बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलेले असते. आपल्या घरच्या स्त्रीचे दुःख मांडताना, आपण ज्यांच्याकडून काम करून घेतो त्या स्त्रीच्या मुलाला सावली आणि दूध मिळते की नाही, एवढे तरी प्रत्येक घराने पाहावे. अधिक विस्तार येथे करीत नाही, कारण तो विषय स्वतंत्र सत्राचा आहे.

परंतु बंधूंनो, केवळ कष्ट हेच मुलींच्या नकाराचे कारण आहे, असे आम्ही मानत नाही. कष्टांना आपल्या बायका कधी भ्यालेल्या नाहीत. शहरात लोकलला लोंबकळून नोकरी करणारी मुलगीही कष्टच करते. फरक असा की महिनाअखेर तिच्या नावावर पगार जमा होतो. शेतकरणीच्या नावावर काय जमा होते? कांद्याची गाडी लासलगावच्या बाजारात जाते, हिशेबपट्टी पुरुषाच्या खिशात येते आणि रक्कम त्याच्या खात्यात. धार ती काढते, डेअरीचे खाते मालकाचे. पूर्वी कोंबड्या-अंड्यांचे चार पैसे तिचे असत, तेही आता घरोघरी राहिले नाहीत.

या सर्वांच्या मुळाशी एक कागद आहे. तो म्हणजे सातबाराचा उतारा. २०११ च्या जनगणनेत या देशातील काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी ६५ स्त्रिया शेतकरी किंवा शेतमजूर म्हणून नोंदल्या गेल्या. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहिवाटीची खाती स्त्रियांकडे किती निघाली? १०० पैकी सुमारे १४. पीककर्ज, सोसायटीचे सभासदत्व, पीकविमा, नुकसानभरपाई, केंद्राचा सन्मान निधी या साऱ्या गोष्टी उताऱ्यावरील नावामागे जातात. ज्याचे नाव नाही तो शेतकरी नाही, मग त्याने हयात चिखलात का घालवली असेना.

दुसरी बाजू तर अधिक चमत्कारिक आहे. गावोगाव बचत गट झाले, खाजगी वित्तसंस्था दारात आल्या, आणि त्या कर्ज देतात ते बाईच्या नावावर. ते पैसे बियाण्याला, औषधाला, बोअरला लागतात. हप्ता मात्र तिने फेडावयाचा, कारण सही तिची. जमिनीवर तिचे नाव नाही आणि कर्जावर आहे, अशी ही आपल्या घरच्या लक्ष्मीची स्थिती आहे.

आपल्या ज्ञातीतील एका भगिनीचे उदाहरण आम्हांस जवळून ठाऊक आहे. नाव सांगणे उचित नव्हे. पंधरा वर्षे तिने नवऱ्याच्या बरोबरीने बाग जोपासली. नवरा अचानक वारला. उतारा पाहिला तर जमीन अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. वारस नोंदच दोन पिढ्या झालेली नव्हती. सोसायटी कर्ज देईना, दीर सही देईनात, चुलत सासरे म्हणू लागले की तू तरुण आहेस, उद्या दुसरे घर केलेस तर जमीन जाईल. ती फेरफार नोंदीसाठी खेटे घालीत राहिली, आणि त्या हंगामात छाटणीला पैसे नसल्याने बाग तशीच उभी राहिली. तिची मुलगी आज पदवीधर आहे. तिच्यासाठी शेतकऱ्याचे स्थळ सुचविण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही.

यावर उपाय नाही असे नाही. तो आपल्याच मुलुखात, आपल्या डोळ्यांदेखत निघाला होता. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. खेड्यापाड्यांतून बायका भाकरी बांधून, पोरे काखेत घेऊन आल्या होत्या. त्यानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. पुरुषाने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा, असे त्याचे स्वरूप होते, आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी तो अमलात आणला. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या गड्यांनी हे केले, हे विशेष. १९९२ साली राज्य शासनानेही निर्णय काढला की, पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावावे आणि त्यासाठी शुल्क घेऊ नये. निर्णय होऊन तीन दशके उलटली. अडचण एवढीच की अर्ज पतीने करावयाचा आहे, आणि पतीला वेळ होत नाही.

कायद्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्याविषयी आपल्या घरांत मोठा घोटाळा आहे. पती हयात असताना, केवळ पत्नी म्हणून, तिला त्याच्या जमिनीत नाव मिळत नाही. त्याच्या पश्चात ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलामुलींच्या बरोबरीची वारस होते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, ही दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली केली. २००५ साली वडील हयात नसले तरी हा हक्क मुलीला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

मग होते काय? भाऊबीजेच्या आसपास बहिणीला माहेरी बोलावतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. सही दिली नाही तर माहेर तुटते. ही गोष्ट या मंडपात उच्चारणे अनेकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. जमीन बहिणींत वाटली तर तुकडे पडतील, शेती परवडणार नाही, ही तक्रार अगदीच पोकळ नाही. दोन एकरांचे पाच भाग करून कोणाचेच पोट भरणार नाही. परंतु चार भावांत तुकडे पडताना ही काळजी कोणी वाहिलेली आम्ही पाहिली नाही. आणि एक मार्ग मोकळा आहे. जी स्त्री ज्या जमिनीत राबते, त्या जमिनीवर पतीबरोबर तिचे नाव लावले तर एक गुंठाही तुटत नाही. सून घरातच राहते, जमीन घरातच राहते. मात्र नाव लावले म्हणून मुलीच्या हक्काचा प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. तो प्रश्न उभाच आहे.

घरातल्या कामाविषयी आम्ही उपदेश करणार नाही. उपदेशाने कोणी भाकरी थापावयास शिकलेला नाही. परंतु आपल्यातील तरुण शेतकरी मुलांना एवढे सांगतो की, मुलगी पाहावयास जाताना एकरांचा आकडा सांगण्याऐवजी 'माझ्या आईचे नाव उताऱ्यावर आहे, तुमचेही लागेल. धारा मी काढतो' असे सांगून पाहावे. नकार येणारच नाही अशी हमी आम्ही देत नाही. पण चहाचा दुसरा कप येईल.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. न्यूयॉर्कमध्ये शेतकरी स्त्रीची दखल घेतली गेली, आणि आपल्या संस्थेची वधू-वर सूची आम्ही काल रात्री चाळली तर प्रत्येक पानावर 'वडील : शेती, आई : गृहिणी' असे छापलेले आहे. ज्या माउलीने दोन-अडीच लाख रोपे बोटांनी रोवली, तिच्यापुढे आपण गृहिणी लिहिले. तेव्हा कार्यकारी मंडळाला आमची विनंती आहे की पुढील सूचीत हा रकाना दुरुस्त करावा. जी शेती करते तिच्यापुढे शेती लिहावे आणि शेजारी 'सातबारावर आईचे नाव : आहे / नाही' असा एक रकाना वाढवावा. मुलीकडचे लोक तो रकाना सर्वांआधी वाचतील, याविषयी आम्हांस शंका नाही. ज्ञातीच्या वसतिगृहात परीक्षेच्या दिवसांत काही खोल्या खेड्यांतील दहावी-बारावीच्या मुलींसाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे काढणीच्या दिवसांत त्यांच्या हातात विळ्याऐवजी पुस्तक राहील. हे फार खर्चाचे काम नाही. स्मरणिकेत देणगीदारांची यादी आपण दरवर्षी मोठ्या अक्षरांत छापतो. ज्यांनी पत्नीचे नाव उताऱ्यावर लावले, त्या जोडप्यांची यादीही छापावी आणि तीत पत्नीचे नाव आधी असावे.

अर्जाचे कोरे नमुने दाराजवळच्या मेजावर ठेवलेले आहेत. ज्ञातीतील दोन वकील बंधू आज जेवणाची पंगत उठेपर्यंत तेथे बसणार आहेत. ज्यांनी उतारा बरोबर आणलेला नसेल, त्यांनी गाव आणि गट क्रमांक सांगितला तरी पुरे. उतारा हल्ली संगणकावर निघतो. मात्र अर्जावर सही पतीची लागते, तेव्हा भगिनींनी एकट्याने न जाता त्यांना बरोबर घेऊन जावे.